आई औषधाच्या चाचणीत नाव द्यायचं म्हणते. नागपुरात कोणाला अनुभव आहे का?

झेरॉक्सवाला_मेडिकल_चौक

नमस्कार मंडळी. माझं मेडिकल चौकाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर डिस्चार्ज कार्ड, आधार, रेशन कार्ड, योजनेचे कागद हेच चालू असतं, त्यामुळे मशीनमधून काय निघतंय इकडे माझं लक्ष नसतं. मागच्या आठवड्यात एक पोरगा पत्रकाचा गठ्ठा काढून न्यायला आला, तेव्हा मात्र नजर गेली. "खालील आजारांचे रुग्ण हवे आहेत: मधुमेह, दमा, सोरायसिस, आमवात, फॅटी लिव्हर, मायग्रेन. औषधे मोफत, तपासण्या मोफत, येण्याजाण्याचा खर्च मिळेल." खाली एक मोबाइल नंबर. बस. ना दवाखान्याचं नाव, ना डॉक्टरचं. विचारलं तर म्हणे, मला फक्त वाटायला सांगितलं आहे.

एक प्रत घरी गेली आणि आईच्या हाती लागली. आई 66 वर्षांची, आमवात जुना आहे. शुगरही आहे, गोळ्यांवर. धंतोलीत एका डॉक्टरांकडे चालू आहे. दर रविवारी मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि आणखी एक रोजची गोळी. तरी सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. भाकरी थापणं सुटलं, आता दुधाची पिशवीसुद्धा मीच फोडून देतो. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय, बायोलॉजिकल की काय म्हणतात ते, पण त्याचा महिन्याचा हिशेब दुकानाच्या गल्ल्यात बसत नाही. म्हणून आईचं सुरू आहे, "लाव ना फोन, तुझं काय जाऊन राहिलं? मोठ्या डॉक्टरची तपासणी फुकटात होईल." पुण्याची बहीण फोनवर रडायलाच लागली, आईवर प्रयोग करू देणार नाही म्हणून. बायको तटस्थ आहे, म्हणजे दोघींच्या मध्ये पडायचं नाही म्हणून गप्प.

हे खरं की बनावट ते कसं ओळखायचं? चालू औषधं बंद करतात का? आणि काही झालं तर कोण पाहणार? ज्यांनी हे जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा.

बर्डीकर

फेकून द्या ते पत्रक. गरीब पाहूनच पकडतात हे लोक. श्रीमंताच्या आईला कोणी बोलावतं का चाचणीला?

त्रिमूर्तीनगरची_ताई

बर्डीकर, श्रीमंतांच्या आयाही पाहिल्या आहेत मी चाचणीत. कॅन्सरच्या चाचणीत तर जागा मिळावी म्हणून ओळखी लावतात लोक. असो.

भाऊ, मी आधी नर्स होते, नंतर बरीच वर्षं रामदासपेठेत क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर. म्हणजे डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधली बाई. रक्ताच्या नळ्या ड्राय आइसमध्ये पॅक करून कुरिअरला द्यायच्या, पेशंटच्या डायऱ्या तपासायच्या, उरलेल्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या, मुंबईहून कंपनीचा मॉनिटर, म्हणजे तपासनीस, आला की त्याच्यासमोर फाइली उघडून बसायचं. आता घरी असते, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी तुमचं पत्रक. एक चाचणी एका ठरावीक आजाराच्या ठरावीक रुग्णांसाठी असते. सहा आजार एका कागदावर आले, म्हणजे एक तर सहा वेगळ्या चाचण्या आहेत, नाही तर एकही नाही आणि कोणीतरी नावं-नंबर गोळा करून ठेवतंय, पुढे कामी येतील म्हणून. मला यातलं दुसरं खरं वाटतं. रुग्णांना बोलावणारी जाहिरातसुद्धा एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे चाचणीतल्या रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीपुढे, ठेवावी लागते. मंजूर कागदावर सहसा कोपऱ्यात बारीक अक्षरात आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. तुमच्या प्रतीवर आहे का पाहा.

फोन लावायचा तर खुशाल लावा, पण एवढंच विचारा: सीटीआरआय नंबर काय? भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची ही सरकारी नोंदवही, आयसीएमआरची म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2007 साली सुरू झाली. जून 2009 पासून नोंद सक्तीची झाली, आणि 1 एप्रिल 2018 पासून तर पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते. वेबसाइट सगळ्यांना खुली आहे, पैसे लागत नाहीत. नंबर टाकला की पूर्ण पान उघडतं. त्यात केंद्रांची यादी असते, नागपूर आहे का पाहा. आपल्या केंद्राच्या डॉक्टरचं नाव असतं, तिथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी आली की नाही हे असतं, भरती चालू आहे की संपली तेही. वयाच्या आणि आजाराच्या अटी तिथेच असतात. वरची मर्यादा 65 लिहिली असेल तर तुमच्या घरातलं भांडण तिथेच मिटलं! नंबर द्यायला कोणी का-कू केलं तर फोन ठेवून द्या, आणि आधार कार्डाचा फोटो तर अजिबात पाठवू नका.

चालू औषधांचं सांगते. आमवाताच्या बऱ्याच चाचण्यांत मेथोट्रेक्सेट चालूच ठेवतात. त्याच्यावर नवीन औषध देतात किंवा हुबेहूब तसंच दिसणारं, पण आत औषध नसलेलं, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो. ते ना डॉक्टरला कळत ना कोऑर्डिनेटरला. "ताई, मला खरंवालं द्या ना" असं कानात सांगणारे खूप भेटले, पण माझ्या हातातच नसायचं. काही चाचण्यांत मात्र आधीचं औषध काही आठवडे बंद ठेवतात, त्याला वॉशआउट म्हणतात, आणि तेव्हा सांधे पेटतात. म्हणून कागदात दोन गोष्टी शोधा: वॉशआउट आहे का, आणि फरक पडला नाही तर किती आठवड्यांनी दुसरं औषध देणार. त्याला रेस्क्यू म्हणतात. रेस्क्यूचा उल्लेखच नसेल तर डॉक्टरांना तोंडावर विचारा.

स्क्रीनिंगला, म्हणजे चाचणीत घेण्याआधीच्या तपासणीत, छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी होईल. आमवाताची नवी औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. आपल्याकडे बरेच जण इथेच गळतात. त्याचा रिपोर्ट मात्र मागून घ्या, तो तुमच्या धंतोलीच्या डॉक्टरांच्याही कामाचा.

आता आईंच्या वयाचं, कारण याबद्दल मला खरंच बोलायचं आहे. औषध कोणत्या जातीचं आहे ते विचारा. जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्या आहेत. त्यातली टोफासिटिनिब अमेरिकेत 2012 साली आमवातासाठी मंजूर झाली. पुढे 50 वर्षांवरच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या 4,362 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यात जुन्या टीएनएफ इंजेक्शनवाल्यांपेक्षा (तेही आमवाताचं बायोलॉजिकलच) या गोळीवाल्यांमध्ये हृदयविकाराचे गंभीर प्रकार आणि कर्करोग जास्त दिसले. 2021 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्या जातीच्या गोळ्यांवर कडक इशारा छापायला लावला. वय 66 आणि वरून शुगर, म्हणजे आई नेमक्या त्याच गटातल्या. गोळी त्या जातीची निघाली तर मी माझ्या आईला पाठवणार नाही.

काही झालं तर कोण पाहणार, याला 2019 चे नियम आहेत, नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे. चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट, गरज आहे तोवर, किंवा इजा चाचणीमुळे झालेली नाही हे ठरेपर्यंत. गंभीर घटना घडली की डॉक्टरला 24 तासांत सरकार, कंपनी आणि एथिक्स कमिटी तिघांनाही कळवावं लागतं. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे, 4 लाखांपासून 73.60 लाखांपर्यंत. वय जितकं जास्त आणि मूळ आजार जितका गंभीर तितकी रक्कम कमी होत जाते, हे ऐकायला वाईट वाटतं पण सूत्र तसंच आहे. म्हणूनच संमतीपत्रावर वारसाचं नाव आणि वार्षिक उत्पन्न विचारतात. ते पाहून पेशंटचे नातेवाईक दचकायचे, "आताच वारस कशाला?" म्हणायचे. तो रकाना भरायचाच असतो. उलट फॉर्मवर तो नसेल तर संशय घ्या.

संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी न्या. वीसेक पानं असतात. तिथल्या तिथे सही करा म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. सही झाल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहते, तो तुमचा हक्क. मधूनच सोडायचं झालं तर कारण न देता सोडता येतं.

हे सगळं लोक विचारतात. जे विचारत नाहीत ते सांगते: शेवटच्या व्हिजिटनंतर काय? एक मावशी होत्या, आमवाताच्याच. औषध लागू पडलं, त्यांची बोटं उघडली, संक्रांतीला स्वतः लाडू वळून घेऊन आल्या आमच्यासाठी. मग चाचणीची मुदत संपली आणि औषध बंद झालं. बाजारात ते आलेलंच नव्हतं, विकत घ्यायचं म्हटलं तरी मिळणार नव्हतं. काही आठवड्यांनी भेटल्या तेव्हा हात पुन्हा पूर्वीसारखे. माझ्यावर रागावल्या नाहीत, पण मला त्यांच्याकडे पाहवेना. चाचणी संपल्यावरही कंपनीने औषध फुकट द्यावं अशी तरतूद नियमात आहे, पण ती ज्या आजाराला दुसरा इलाज नाही त्याच्यासाठी, आणि तेही डॉक्टरने शिफारस केली आणि कमिटीने मान्य केलं तर. आमवाताला दुसरे इलाज आहेत, म्हणून आईंना ते मिळेल असं धरून चालू नका. आईंना हे आधी सांगा, आणि मग त्यांनाच ठरवू द्या. बहिणीने नाही, तुम्हीही नाही.

फुकट औषध मिळतं म्हणून चाचणीत जाणं हे मला सगळ्यात कच्चं कारण वाटतं. आधी डॉक्टरांना बायोसिमिलरबद्दल विचारा, म्हणजे मूळ बायोलॉजिकल इंजेक्शनसारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं. अ‍ॅडॅलिमुमॅब या आमवाताच्या बायोलॉजिकलचं भारतीय बनावटीचं इंजेक्शन 2014 पासून मिळतं, मूळ कंपनीच्या किमतीपेक्षा बरंच स्वस्त. दुकान मेडिकल चौकात आहे, तर तिथल्या ओपीडीत एक चक्कर मारून योजनेत काय बसतं तेही पाहून या. रस्ता ओलांडायचा आहे फक्त.

हिंगण्याचा_शुगरवाला

ताईनं सगळं नीट सांगतलं. मी अंगावरचा अनुभव सांगतो भाऊ. मी एमआयडीसीत कामाले आहे. शुगर निघाली तवा डॉक्टरनंच इचारलं, चाचणीत येता का म्हणून. मेटफॉर्मिन चालूच होती, वरून एक गोळी. ते औषध होतं का नुसता खडू, मले आजपावेतो मालूम नाही. कागद बंद झाल्यावर सांगू म्हणे, अजून कोणी सांगतलं नाही.

चांगलं काय तं ग्लुकोमीटर भेटला, पट्ट्या भेटल्या, डोळ्याची अन् किडनीची तपासणी झाली. मी जिंदगीत केली नसती. एका रात्री शुगर एकदम खाली गेली, घाम फुटला, हात कापाले लागले. बायकोनं कार्डावरचा नंबर फिरवला तं कोऑर्डिनेटर बाईनं लगेच उचलला, साखरपाणी पाजा म्हणाली अन् डॉक्टरसोबत बोलणं करून देलं. म्हणून मी म्हणतो, सही करायच्या पयले तो नंबर रात्री फिरवून पाहा. उचलला नाही तं सही करू नका!

आता वाईट सांगतो. दर खेपेले सकाळी उपाशी पोटी बोलवायचे, अन् आपली फर्स्ट शिफ्ट. हाजरी कटायची. येण्याजाण्याचे पैसे देले, पण बँकेत जमा होयेपर्यंत आपण इसरून जातो. रोजी बुडाली त्याचं काय, हे मी इचारलंच नव्हतं. तुमचं दुकान आहे, आईसंग कोण जाईन? शटर पाडाव लागन. ते धरून चाला. अन् चाचणी संपली तशा पट्ट्याही संपल्या. मशीन कपाटात पडली आहे.

पुन्हा कोणी इचारलं तं जाईन का? जाईन. पण शिफ्टचं पाहून.

उत्तर_नागपूर

झेरॉक्सवाले दादा, तुमच्या पुण्याच्या बहिणीसाठी लिहितो आहे. माझ्या मुलाला सिकलसेल आहे, एसएस. तो रोज जे हायड्रॉक्सीयुरिया घेतो ते कोणीतरी स्वतःवर "प्रयोग" करू दिला म्हणूनच आमच्या घरात आलं. अमेरिकेत 299 मोठ्या वयाच्या रुग्णांवर चाचणी झाली, 1995 साली निकाल आला. हायड्रॉक्सीयुरियावाल्यांना वर्षाला साधारण अडीच क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनेचे झटके, प्लासिबोवाल्यांना साडेचार. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. ज्याने मुलाला क्रायसिसमध्ये रात्रभर ओरडताना पाहिलं आहे त्याला ते दोन क्रायसिस म्हणजे काय ते कळतं.

दुसरी बाजूही सांगतो. व्हॉक्सेलोटर नावाची गोळी 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, हिमोग्लोबिन वाढवते म्हणून. आम्ही सगळे पालक ग्रुपवर तिची वाट पाहत होतो. पुढच्या चाचण्यांच्या आकडेवारीत क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसले आणि सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. इकडे आली नाही म्हणून आम्ही कुरकुरत होतो, ती आली नाही तेच बरं झालं.

मुलासाठी आम्हीही चाचणी शोधली होती. त्याला नुकतंच रक्त चढवलेलं होतं, ते अटीत बसलं नाही. सध्या नियमित फॉलोअपच चालू आहे.

झेरॉक्सवाला_मेडिकल_चौक

सगळ्यांचे आभार. ताई, फोन लावला. समोरून वय, वजन, शुगर किती, घरात आणखी कोणाला काय आजार, सगळं विचारून घेतलं. सीटीआरआय नंबर म्हटल्यावर "सर, तो उद्या व्हॉट्सअ‍ॅप करतो." उद्या येऊन गेला, नंबर आला नाही. कागदावर आवृत्ती-तारीख काहीही नाही, भिंग लावून पाहिलं.

मग तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला. मावशींच्या लाडवांपर्यंत ती मध्ये मध्ये बोलत होती, नंतर गप्प. शेवटी म्हणाली, "द्यायचं अन् काढून घ्यायचं, असं नको बाप्पा मला." शुक्रवारी धंतोलीची तारीख आहे, बायोसिमिलरचं ती स्वतः विचारणार आहे. बहिणीला सांगितलं, तिचं आता उलटंच, "चांगली चाचणी असेल तर बघायला काय हरकत आहे?" घ्या.

एक विचारायचं राहिलं. सीटीआरआयवर मी स्वतः आमवात शोधलं तर आयुर्वेदाच्याही बऱ्याच चाचण्या दिसल्या. आईला तिकडे जास्त भरोसा वाटतो, साइड इफेक्ट नसतात म्हणते. तिथेही हेच नियम लागतात का?

त्रिमूर्तीनगरची_ताई

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवर नोंद, हे तिथेही पाहायचं. पण 2019 चे जे नियम मी सांगितले ते अ‍ॅलोपॅथीच्या औषधांसाठी आहेत, म्हणून भरपाईचं ते सूत्र तिथे आपोआप लागू होईल असं समजू नका. इजा झाली तर उपचार कोण करणार, विमा आहे का, हे त्यांच्या संमतीपत्रात लिहिलेलं हवं.

साइड इफेक्ट नसतात हे मात्र आईंच्या डोक्यातून काढा. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर पडतोच, त्यात दुसरं काही घेतलं तर कोणामुळे काय झालं ते सांगता येत नाही. त्या चाचणीत मेथोट्रेक्सेट चालू असलेले रुग्ण घेतात का हे अटींमध्ये वाचा. घेत नसतील तर आईंचं मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगतील, आणि ते धंतोलीच्या डॉक्टरांना न विचारता थांबवायचं नाही. शुक्रवारी जाताना एलएफटी (यकृताची तपासणी) आणि सीबीसीचे (रक्तपेशींची तपासणी) शेवटचे रिपोर्ट सोबत न्या. तीन महिन्यांहून जुने असतील तर गुरुवारीच रक्त देऊन ठेवा, म्हणजे इंजेक्शनचा विषय त्याच दिवशी पुढे सरकेल.